भिंती नसलेले गाव

पेठेत राहणाऱ्या माणसाला एकाकीपणाची तक्रार करण्याची सोय नसते. सकाळी शटर वर सरकल्यापासून रात्री कुलूप लागेपर्यंत त्याच्याभोवती माणसेच माणसे असतात. गिऱ्हाईक, हमाल, दलाल, दिवाणजी, वसुलीला आलेला, मुदत मागायला आलेला. आणि माडीवर तीन पिढ्यांचा संसार. अशा घरातील वडीलधाऱ्याने एखाद्या संध्याकाळी ‘मला करमत नाही’ असे म्हटले, तर घरचे चकितच होतील. एवढी माणसे असताना न करमायला झाले काय, असेच कोणीतरी विचारील. म्हणून तो तसे म्हणत नाही. हिशेबाची वही पुढे ओढतो आणि झालेलीच बेरीज पुन्हा करतो.

जुन्या बाजारांत भाव ठरवण्याची एक रीत होती. देणारा आणि घेणारा रुमालाखाली एकमेकांचा हात धरीत आणि बोटे दाबून आकडा सांगत. भोवती शंभर माणसे उभी असली, तरी त्या दोघांखेरीज कोणाला काही कळत नसे. हातात हात असे. पण एका हातातून दुसऱ्या हातात जाई तो केवळ भाव. तो रुमाल आता क्वचितच दिसतो. व्यापारी घराण्यांतील कित्येक नात्यांत मात्र ती रीत अजून चालू आहे. बापलेक दिवसातून दहा वेळा बोलतात. ते बोलणे मालाचे, चेकचे आणि जीएसटीच्या तारखेचे असते. भाऊ भाऊ एका गादीवर बसतात. एकाला दुसऱ्याची पत तंतोतंत ठाऊक असते, मन ठाऊक नसते.

गर्दीतला हा एकाकीपणा मराठी साहित्याने बारकाईने पाहिला आहे. तो पाहणाऱ्या लेखकांपैकी तिघांची मुळे सातारा-सांगलीच्या मातीत आहेत, ही या भागातील वाचकाला जवळची वाटावी अशी गोष्ट. वि. स. खांडेकर यांचा जन्म १८९८ साली सांगलीत झाला. बा. सी. मर्ढेकर यांच्या आडनावात सातारा जिल्ह्यातील मर्ढे हे गाव आहे. व्यंकटेश माडगूळकर यांच्या आडनावात सांगली जिल्ह्याच्या आटपाडी तालुक्यातील माडगुळे. तिघांनी तीन निराळ्या जागी उभे राहून एकच प्रश्न विचारला. माणूस माणसाच्या इतका जवळ राहूनही त्याच्यापर्यंत पोहोचत का नाही, आणि पोहोचतो तेव्हा कोणत्या वाटेने पोहोचतो?

खांडेकरांची ‘ययाति’ १९५९ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे १९७४ च्या ज्ञानपीठ पुरस्काराच्या रूपाने मराठीला तो सन्मान प्रथमच मिळाला, तो खांडेकरांमुळे. या कादंबरीबद्दल बोलताना सहसा भोगाची आणि त्यागाची चर्चा होते. तिच्या मांडणीत दडलेली गोष्ट मात्र अनेकदा नजरेतून सुटते. ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा ही तिघे आपापली कहाणी स्वतःच सांगतात. एकाचे निवेदन संपते, दुसऱ्याचे सुरू होते. तीच घटना ययातीच्या तोंडून एक असते आणि देवयानीच्या तोंडून दुसरी. वाचकाला तिघांचेही मन कळते. त्या तिघांना मात्र एकमेकांचे कळत नाही. राजवाडा एक, दुःखे तीन, आणि प्रत्येक दुःख आपल्या दालनाचे दार आतून लावून बसलेले. देवयानीच्या अहंकारामागचा घाव ययातीला दिसत नाही. ययातीला पोखरणारी मृत्यूची भीती देवयानीला दिसत नाही. दोघेही आपला अपमान तेवढा नीट मोजून ठेवतात. ययाती सुखामागून सुखाकडे धावतो, कारण ज्या क्षणी धावणे थांबेल त्या क्षणी तो एकटा उरणार असतो.

या कादंबरीत कच आहे, आणि त्याला स्वतःचे निराळे निवेदन नाही. त्याचे म्हणणे कळते ते इतरांच्या सांगण्यातून. खांडेकरांनी हे कोणत्या हेतूने केले, याचा तर्क ज्याने त्याने करावा. वाचकाला जाणवते ते इतके, की ज्याच्यापाशी बाकीची पात्रे मन मोकळे करू शकतात, तो स्वतःची कैफियत मांडत बसलेला नाही. ऐकणाऱ्या माणसाला आपली बाजू थोडा वेळ बाजूला ठेवावी लागते.

मर्ढेकरांनी पाहिलेला एकाकीपणा महालातला नव्हे, महानगरातला आहे. त्यांचा ‘काही कविता’ हा संग्रह १९४७ मध्ये आला आणि मराठी कवितेची चाल बदलली. फुले, चांदणे, प्रियकर-प्रेयसी यांच्या जागी त्यांच्या कवितेत उंदीर आले, मुंग्या आल्या, यंत्रांचे आवाज आले. अनेकांना ते सोसले नाही. त्यातील काही कवितांवर अश्लीलतेचा खटलाही झाला. त्यातून ते निर्दोष सुटले. त्या कवितेत माणसे पुष्कळ आहेत, पण ती रांगेतल्या मुंग्यांसारखी सारखीच दिसणारी, एकमेकांच्या अंगाला घासत जाणारी आणि एकमेकांना न ओळखणारी. सातारा जिल्ह्यातून मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत गेलेल्या माणसांच्या पिढ्यांना हा अनुभव समजावून सांगावा लागला नसता. एका खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या पंधरा जणांतही गावची आठवण ज्याची त्यालाच काढावी लागे.

मर्ढेकरांची ‘रात्रीचा दिवस’ ही कादंबरी १९४२ मधली. माणसाच्या मनात अखंड वाहणारा विचारांचा ओघ जसाच्या तसा कागदावर उतरवण्याचा तो मराठीतील आरंभीचा प्रयत्न. त्याच वर्षी फ्रान्समध्ये आल्बेर कामू यांची, पुढे जगभर गाजलेली, परक्या माणसाची कादंबरी प्रसिद्ध झाली. तिचा नायक आईच्या अंत्यविधीलाही रडू शकत नाही, आणि पुढे न्यायालयात त्याच्या अपराधाइतकीच त्या न रडण्याचीही झडती होते. दोन लेखकांचा एकमेकांशी संबंध नव्हता, देश वेगळे, भाषा वेगळ्या. जगभर युद्ध पेटलेले असताना दोघांनाही माणसाच्या आतली शांतता ऐकू येत होती, आणि ती सुखाची शांतता नव्हती.

एवढ्यावर थांबले, तर साहित्य माणसाला फक्त त्याचे दुःख दाखवून रिकाम्या हाताने परत पाठवते, असे म्हणावे लागेल. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ तसे म्हणू देत नाही.

माण नदी सातारा जिल्ह्यात उगम पावून सांगली जिल्ह्यातून पुढे सोलापूरकडे जाते. तिच्या काठचा तो माणदेश. पाऊस बेभरवशाचा, जमीन हलकी, मेंढरे हेच धन. स्वातंत्र्यापूर्वी आटपाडीचा हा मुलूख औंध संस्थानात होता. ‘बनगरवाडी’ १९५५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातला काळ त्या संस्थानी दिवसांचा. एक तरुण मास्तर धनगरांच्या लहानशा वाडीत शाळा चालवायला येतो. शाळा आहे, पण मुले मेंढरांमागे रानात. मास्तर अनोळखी आणि वयाने लहान. वाडी त्याला दुरूनच न्याहाळते. त्याला तेथे कोणी मित्र नाही, बोलायला बरोबरीचा माणूस नाही. एकाकीपणाला लागते ते सर्व साहित्य तेथे हजर आहे.

मग हळूहळू काय घडते? मोठे काही नाही. कारभारी त्याच्या पाठीशी उभा राहतो. मास्तर कोणाचे पत्र लिहून देतो, कोणाचे तालुक्याचे काम करून आणतो, कोणाच्या भांडणात मध्ये पडतो. माणसे शाळेच्या दाराशी येऊन बसू लागतात. मध्येच गैरसमज होतात, अबोला धरला जातो, आणि पुन्हा बोलणे सुरू होते. वाडी आपल्या श्रमाने तालीम बांधते. मास्तरने वाडीला शिकवायचे होते. वाडीने त्याला आपल्यात घेतले. या सगळ्यात प्रेम हा शब्द कोणी उच्चारत नाही. एकमेकांची कामे करता करता, एकमेकांच्या अडचणीत विचारता विचारता ती माणसे एकमेकांची होतात.

राम देशमुख यांनी केलेल्या या कादंबरीच्या इंग्रजी भाषांतराला जे नाव दिले गेले, त्याचा अर्थ ‘त्या गावाला भिंती नव्हत्या’ असा होतो. याच मुलखात, आटपाडीजवळ, औंध संस्थानाने १९३९ मध्ये स्वतंत्रपूर नावाची वसाहत उभी केली. तो खुला तुरुंग. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या कैद्यांनी तेथे उंच भिंतींशिवाय राहावे, शेती करावी, आपल्या माणसांत राहून पुन्हा माणसांत यावे, अशी ती कल्पना. व्यंकटेश माडगूळकरांचे थोरले बंधू ग. दि. माडगूळकर यांनी या प्रयोगावरून कथा लिहिली, आणि १९५७ मध्ये व्ही. शांताराम यांनी तिच्यावर ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला. सहा कैदी आणि त्यांच्यावर विश्वास टाकणारा एक तुरुंगाधिकारी, एवढीच त्यातील पुंजी. तो चित्रपट पुष्कळांनी पाहिला आहे. त्याचे मूळ आटपाडीच्या माळावर आहे, हे थोड्यांना ठाऊक असते.

व्यापाऱ्याला हा प्रयोग परका वाटू नये. तारणाशिवाय दिलेले कर्ज म्हणजे काय, हे त्याला कळते. पूर्वी पेठेत शब्दावर माल जाई आणि शब्दावर पैसे येत. समोरच्या माणसावर विश्वास टाकला, म्हणजे त्याच्या अंगावर एक जबाबदारी येते आणि ती तो बहुधा निभावतो, हे औंधच्या राज्यकर्त्यांनी कैद्यांच्या बाबतीत ओळखले. पेठेने ते फार आधीपासून ओळखले होते. नवल इतकेच, की जो माणूस परक्या गावच्या व्यापाऱ्याला शब्दावर लाखाचा माल देतो, त्याला स्वतःच्या मुलाजवळ मनातली भीती ठेवायला धीर होत नाही.

सांगलीच्या पेठेतील एका कापड दुकानाची हकिकत या ठिकाणी सांगण्याजोगी आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात त्या दुकानात छातीभर पाणी चढले. खालच्या फळ्यांवरचे साड्यांचे गठ्ठे, शाळा सुरू झाल्यावर उरलेले गणवेशाचे कापड, दिवाळीसाठी आगाऊ भरलेला माल, सारे चिखलात गेले. पाणी उतरल्यावर पंचनामा झाला, विम्याचा माणूस येऊन गेला, बँकेला साठ्याचे पत्रक गेले. घरात अकरा माणसे. नातेवाइकांचे फोन दिवसभर चालू. प्रत्येकाचा प्रश्न एकच होता: ‘किती गेलं?’ सत्तरी ओलांडलेले अण्णा प्रत्येकाला आकडा सांगत. तो आकडा सांगून सांगून गुळगुळीत झाला होता.

एक आकडा मात्र त्यांनी कोणालाच सांगितला नव्हता. दिवाळीच्या मालासाठी त्यांनी जुन्या ओळखीवर एका व्यापाऱ्याकडून हातउसनी रक्कम घेतली होती. ती वहीत नव्हती. रात्री जेवण झाले, की ‘खाली जरा आवरतो’ असे सांगून अण्णा दुकानात उतरत आणि शटर अर्धे ओढून रिकाम्या फळ्यांसमोर बसून राहत. घरच्यांना वाटे, त्यांना एकांत हवा असेल. कोणी कठोर नव्हते. सून वेळेवर औषध देत होती, नातू मोबाईलवर नुकसानभरपाईचे अर्ज भरत होता. जो तो आपले काम चोख करीत होता.

तीस वर्षे त्या दुकानाचे गठ्ठे वाहिलेला हमाल एके दिवशी सकाळी पायरीवर येऊन टेकला. त्याचे स्वतःचे घर पाण्यात गेले होते. त्याने आकडा विचारला नाही. थोडा वेळ बसून म्हणाला, “अण्णा, रातच्याला झोप लागतीया का?”

अण्णांना उत्तर देता आले नाही. ते गल्ल्यामागे बसूनच रडले. हमाल उठला नाही, समजूतही घालत बसला नाही, बसून राहिला. त्याच रात्री अण्णांनी थोरल्या मुलाला खाली बोलावले आणि वहीबाहेरची रक्कम सांगितली. मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “अण्णा, मीही एक कर्ज काढलंय. तुम्हाला त्रास नको म्हणून बोललो नव्हतो. मलाही झोप नाही. वरच्या खोलीत जागाच असतो.”

दोघांनी एका कागदावर दोन्ही रकमा मांडल्या. बेरीज वाढली होती, भीती मात्र कमी झाली होती. पुढच्या महिन्यात निम्मी जागा भाड्याने देण्याचे ठरले. उसनी रक्कम देणाऱ्या व्यापाऱ्याकडे बापलेक मिळून गेले आणि मुदत मागून आले. चौथ्या दिवाळीपर्यंत दोन्ही देणी फिटली. दुकान पूर्वीपेक्षा लहान आहे, चालते आहे.

‘ययाति’तली तिघे जशी आपापल्या निवेदनात बंद आहेत, तसे हे बापलेक एका छताखाली, एका जिन्याच्या दोन टोकांना, आपापले प्रकरण लिहीत जागे होते. दोघेही एकमेकांच्या भल्यासाठीच गप्प होते. घरातील बहुतेक मौनांमागे हेच कारण असते. मुलाला ताण नको म्हणून बाप बोलत नाही, वडिलांची तब्येत नाजूक म्हणून मुलगा बोलत नाही, माहेरी काळजी नको म्हणून सून बोलत नाही. पुण्याच्या वसतिगृहात राहणारा नातू फोनवर ‘ठीक आहे’ म्हणतो. घरी सर्वांनी ठीक असावे अशी अपेक्षा आहे, हे त्याला ठाऊक असते. एवढ्या प्रेमातून एवढे एकाकीपण तयार होते.

मराठीत ‘विचारपूस’ हा फार चांगला शब्द आहे. तो घरगुती आहे, त्याला खर्च नाही आणि त्यासाठी विद्वत्ता लागत नाही. पण विचारपूस आणि चौकशी यांत फरक आहे. चौकशी वस्तुस्थितीची होते. किती गेले, किती उरले, कधी येणार, कधी देणार. विचारपूस माणसाची होते. पेठेत चौकशीचा सराव इतका दांडगा असतो, की घरात वर चढतानाही तीच जिभेवर राहते. बनगरवाडीच्या मास्तरजवळ देण्यासारखे फार नव्हते. त्याच्याजवळ वेळ होता, अक्षरओळख होती आणि दाराशी आलेल्या माणसाचे म्हणणे संपेपर्यंत ऐकून घेण्याची तयारी होती.

गोष्टी आणि कादंबऱ्या वाचण्याचा व्यवहारी उपयोग काय, असे व्यापारी घरांत पुष्कळदा विचारले जाते, आणि तो प्रश्न गैर नाही. ज्या माणसाने ‘ययाति’ वाचताना देवयानीचा राग येत असतानाच तिचे निवेदन शेवटपर्यंत ऐकले, त्याला घरात रागावलेल्या माणसाचे म्हणणे पुरते ऐकण्याचा थोडा सराव झालेला असतो. ज्याने मर्ढेकरांची गर्दी पाहिली, तो लग्नसमारंभात कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलेल्या वृद्धाला ओळखतो. मर्ढेकर आणि व्यंकटेश माडगूळकर, दोघांनीही आयुष्यातील बरीच वर्षे आकाशवाणीच्या नोकरीत काढली. न दिसणाऱ्या माणसाशी बोलणे हाच त्यांचा रोजचा व्यवहार होता. पुस्तकही तेच करते.

‘बनगरवाडी’चा शेवट गोड नाही. दुष्काळ पडतो, चारा-पाणी संपते, माणसे मेंढरे घेऊन जगायला बाहेर पडतात आणि भरलेली वाडी ओस पडते. माणसे जोडली म्हणजे ती कायमची जवळ राहतील, असे आश्वासन माडगूळकर देत नाहीत. व्यापारी घरांनाही हे ठाऊक आहे. मुले पुण्याला, बंगळुरूला, त्याहूनही दूर जातात. माडीवरच्या खोल्या एकेक करून बंद होतात आणि एका ताटलीत दोघांची भाजी मावू लागते. हे अंतर कोणाच्या हाती नसते. तरीही ती कादंबरी मिटताना वाचकाला वाडी रिकामी वाटत नाही, कारण तेथील प्रत्येक माणसाला कोणीतरी नावाने ओळखले होते.

कादंबरी लहान आहे. रोज रात्री घरात कोणी मोठ्याने वाचली, तर चार-पाच बैठकांत संपते. ज्यांचे डोळे आता अक्षरांना दाद देत नाहीत त्यांनाही ती ऐकता येते. वाचन संपल्यावर लगेच उठून जाऊ नये. आणि दुकान बंद करून जो वर आला आहे, त्याला आजचा गल्ला किती झाला हे उद्या विचारले तरी चालते. आज रात्री झोप कशी लागते, एवढे विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत बसून राहावे.